नकाबवालीच्या गळ्यातली डबी

"घोड्याला पाच पाय झालेत, बाई."

भिंतीवर कोळशानं घोडा काढता काढता मी मान वर केली. शिडीवर एक पेंटर. कानामागं ब्रश, समोरच्या पाण्याच्या टाकीवर अर्धवट पुसलेलं 'जिल्हा उस्मानाबाद'.

"पाचवं शेपूट हाय. डोळे तपासून घ्या."

"शेपूट जमिनीला टेकलंय की..."

"दुष्काळ हाय. घोडा उपाशी हाय. शेपूट उचलायला बी ताकद न्हाई."

तो एवढा हसला की शिडी हलली.

त्र्याऐंशीचा उन्हाळा. आमचं उदगीर नव्या लातूर जिल्ह्यात गेलं होतं. मिळालं काय? पाटीवर नवं नाव. नळ कोरडेच. टँकर दोन दिवसांआड यायचा, आणि आम्ही बाया घागरी रांगेत लावून दुपारभर उन्हात भाजायचो. वेळ जावा म्हणून मी कोळशानं भिंतीवर नकाबवाली नसरीन काढायची. लहानपणी जत्रेतल्या तंबूत पाहिलेल्या सिनेमातली. घोड्यावर बसलेली, काळा नकाब, हातात चाबूक, जहागीरदाराची धान्याची कोठारं फोडणारी. तंबू कधीच बंद पडला. माझ्यासाठी ती मेली नव्हती.

त्या पेंटरलाही, सरदार नाव त्याचं, ती पाठ होती.

"चाबूक डाव्या हातात होता तिच्या."

"उजव्या!"

"लावा पैज."

"कशाची?"

"तुमच्या नावाची."

"गुरम्मा," मी म्हणाले... आणि जीभ चावली.

"पैज हरायच्या आधीच दिलं?"

मग टँकर यायच्या दिवशी तो यायचाच. मला ऑइलपेंटचा ब्रश धरायला शिकवलं. माझ्या हाताला हात लागू नये म्हणून ब्रशचं दुसरं टोक धरायचा. अंगावर काटा मात्र तरीही यायचा.

एका सकाळी 'जिल्हा लातूर'च्या वर, टाकीवर, रंगीत नसरीन उभी. त्यानं पहाटे काढलेली. नकाबात चेहरा झाकलेला, पण गळ्यात काळा दोरा आणि चांदीची डबी. आम्ही लिंगायत गळ्यात लिंग ठेवतो, ती डबी. झाकणाला माझ्या डबीचाच पोचा! येडा. दोन महिने समोर जे बघितलं, तेच हातातून उतरलं.

दुपारी माझा मामा विरूपाक्ष आणि चौघांनी सरदारला टाकीला टेकवलं. मामाच्या हातात दगड.

"मुसलमानाचं पोर आमची पोरगी टाकीवर काढतंय! ठेवा ह्याचा हात, बोटंच ठेचतो."

माझे वडील माणिकप्पा, अडतीवर दिवसभर ओरडणारा माणूस, नुसते टोपी सारखी करत मागं उभे.

"मी काढलंय ते," मी म्हणाले.

"तू?"

"हाव. रंग ह्याच्या डब्यातले चोरले."

"काढून दाखव मग," मामा म्हणाला. "समद्यांसमोर."

ब्रश धरला. पहिलीच्या शेजारी दुसरी काढली. घोडा, चाबूक, डबी. चेहऱ्यापाशी आले... आणि नकाब काढलाच नाही. माझंच तोंड काढलं, ओबडधोबड, भोकरासारखे डोळे. रांगेतली एक बाई "अगं बया!" म्हणाली. मामाच्या हातातला दगड खाली पडला. माझी अब्रू माझ्याच हातानं गेली होती. आता ठेचायचं कुणाला?

वडील सरदारकडं वळले. "खरं सांग. हिला ओळखतोस?"

सरदारनं माझ्याकडं पाहिलं. हा येडा 'हाव' म्हणेल, मला माहीत होतं. मी डोळ्यांनी हात जोडले.

"न्हाई, मालक. आजच बघून राहिलो."

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. आणि बघा गंमत: जात, अब्रू, दगड, सगळं टाकून सगळे घागरींकडं पळाले. मामासुद्धा. वडीलसुद्धा.

टाकीपाशी आम्ही दोघंच.

"खोटं बोललो," तो म्हणाला.

"मी बी." मी टाकीवरच्या माझ्या तोंडाकडं बोट केलं. "एवढं मोठं नाक हाय का माझं?"

"न्हाई. मी काढलं असतं तर... नीट काढलं असतं. जलमभर तेच काढलं असतं."

"चारची नांदेड बस हाय. बोटं शाबूत घेऊन जा, सरदार."

त्यानं शिडी खांद्यावर घेतली. वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी बघत राहिले. आमची घागर माझ्याच पायाशी राहिली, तोवर आमचा नंबर गेला. त्या दिवशी आमच्या घरात पाणी आलं नाही.