मागे मी आहे

हे खरं आहे. ज्याला पटत नाही त्याने खुशाल सोडून द्यावं, मी कुणाची मनधरणी करायला बसलेलो नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते माझे सख्खे साडू. शेवटच्या सकाळी त्यांच्याजवळ मीच होतो.

जवळ म्हणजे... ते पुढे येईलच.

साडूंचं चष्म्याचं दुकान होतं, पण जीव सगळा पळण्यात. दर रविवारी सकाळी पावणेसहाला तलावाच्या रस्त्यावर वीसेक हौशी माणसं जमायची आणि हे त्यांना पळायला शिकवायचे. म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. सुरुवात हळू करा, चढावर पावलं लहान टाका, बोलता येईल इतक्याच वेगाने पळा. सल्ले चोख होते. माणूस मात्र खवचट.

त्यांच्या गटात एक नियम होता. सगळ्यात हळू पळणाऱ्याच्या मागे एकाने राहायचं. त्याच्या गळ्यात शिट्टी असायची. पुढचा दमला, रस्ता चुकला, तर सांभाळायला तो.

त्या रविवारी शिट्टी मास्तरांच्या गळ्यात होती.

आणि सगळ्यात हळू होत्या पोस्टातल्या बाई. वीस वर्षं खिडकीमागे बसून अंग जड झालेलं. पन्नाशीच्या आत एकवीस किलोमीटर पळून दाखवीन, अशी त्यांनी भावाशी पैज लावली होती. मास्तर त्यांना तोंडावर गोगलगाय म्हणायचे. सगळे हसायचे, म्हणून बाईही हसायच्या.

तोवर त्या बारापर्यंतच पोचल्या होत्या. त्या दिवशी सोळा पळायचे होते. पाण्याच्या टाकीपर्यंत आठ, तिथून वळून परत आठ. बाई सारख्या मनगटावरच्या घड्याळात बघत होत्या, किती झाले, किती राहिले. मास्तर वैतागले. त्यांनी औषधाच्या पेटीतली चिकटपट्टी काढली आणि घड्याळाच्या तबकडीवर घट्ट लावली.

"आकडे बघायचे नाहीत. मागे वळूनही बघायचं नाही, लय जाते. मागे मी आहे. मी वळा म्हणालो की वळायचं."

बाई बरं म्हणाल्या. टाकीकडचा रस्ता त्यांना नवीन होता, आणि धुकं इतकं की दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं.

तिसऱ्या किलोमीटरलाच मास्तर कंटाळले. त्या वेगाने त्यांची अख्खी सकाळ वाया जाणार होती. ते हळूच थांबले. बाईंची पावलं धुक्यात ऐकू येईनाशी झाली... तसे ते आडव्या रस्त्याला लागले आणि आपलं जोरात पळून आले. त्यांना वाटलं, पुढचे लोक परत येताना बाईंना भेटतीलच. बाई त्यांच्याबरोबर फिरतील.

आठ वाजता सगळे जमले. केळी खाऊन झाली.

बाई आल्या नाहीत.

मास्तर म्हणाले, येतील, गोगलगाय आहे.

बाई दुपारी सापडल्या. टाकीच्या खूप पुढे, रस्त्याच्या कडेला, पालथ्या. चिकटपट्टी काढली तेव्हा घड्याळात तेवीस किलोमीटर दिसत होते. एकवीसची पैज त्यांनी जिंकली होती.

चौकशी झाली. मास्तरांनी सरळ खोटं सांगितलं. म्हणाले, मी टाकीपर्यंत मागेच होतो, वळा म्हणालो, पण बाईंना थोडं बसायचं होतं, म्हणून मी पुढे आलो. हे बोलताना त्यांनी मान वर केली नाही, कारण परत येताना बाईंना भेटलेले तिघे समोरच बसले होते. ते काय सांगतील?

तिघांनी एकच सांगितलं.

"हो. मास्तर होते ना मागे. पिवळा टीशर्ट, गळ्यात शिट्टी. आम्ही हात केला... त्यांनी केला नाही."

मास्तर सुटले. बाईंच्या भावाने तर हात जोडून त्यांचे आभार मानले, माझ्या बहिणीला सोबत केलीत म्हणून. मास्तरांनी ते आभार घेतले.

घरी येऊन मात्र ते तासभर बाथरूममध्ये नळ सोडून बसले. धुक्यात त्या तिघांची नजर चुकली असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. ती समजूत तीन आठवडे टिकली.

चौथ्या आठवड्यात टाकीवरचा पंपचालक चष्म्याचा नंबर काढायला दुकानात आला. मास्तर त्याच्या डोळ्यांपुढे काचा बदलत होते. तो एकदम म्हणाला, "त्या दिवशी मी वर टाकीवर होतो. धुक्यात कोणी दिसलं नाही, पण ऐकू आलं. बाई रडत होती. आता वळू का, आता वळू का, विचारत होती."

मास्तरांच्या हातातली काच तशीच राहिली.

"मागून कोणीतरी म्हणालं... अजून थोडं."

मग त्याने मान वर केली आणि मास्तरांकडे नीट बघितलं.

"तुमचाच आवाज होता."

त्यानंतर मास्तर पळायला निघाले की मागे पावलं वाजायची. बाईंची असती तर एक वेळ परवडलं असतं, त्यांनी माफी मागितली असती. पण मास्तरांचा उजवा पाय घासून पडायचा. मागेही तेच. खस्स, टप. खस्स, टप. ते थांबले की आवाज थांबायचा...

एक पाऊल जास्त टाकून.

पुढच्याच रविवारी ते एकटे गेले, दिवस चांगला वर आल्यावर. टाकीपाशी वळायचं, काही झालं तरी वळायचं, असं ठरवून गेले. पण टाकी आली आणि पाय वळेनात. मागून त्यांच्याच आवाजात कोणीतरी शांतपणे म्हणालं, अजून थोडं.

संध्याकाळी ते सापडले. बाई पडल्या होत्या त्याच जागी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. दवाखान्यात त्यांनी मला सगळं सांगितलं आणि कुणाला बोलू नका म्हणाले. मी बोललो नाही. बाईंचा भाऊ दोनदा विचारपूस करायला आला, फळं घेऊन. तरीही मी बोललो नाही. याची मला लाज वाटते.

पुढे चाकांची खुर्ची आली. मास्तर पलंग भिंतीला चिकटवून, भिंतीला पाठ लावून झोपायचे. रविवारी सकाळी नऊला मी त्यांची खुर्ची ढकलत तलावाच्या रस्त्याने न्यायचो. त्यांनीच गळ घातली होती. घरचं माणूस मागे असलं की दुसरं कोणी येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. दर दोन मिनिटांनी विचारायचे, साडू, मागे आहात ना? मी आहे म्हणायचो. खरं सांगतो, मला त्याचा कंटाळा आला होता.

गेल्या रविवारी ऑफिसचा फोन आला. लख्ख ऊन होतं. मी खुर्चीचा ब्रेक लावला आणि चाळीसेक पावलं मागे, झाडाखाली जाऊन बोलत उभा राहिलो. सांगून जावं एवढंही मला सुचलं नाही.

"साडू, मागे आहात ना?"

मी तोंड उघडलं. आवाज फुटायच्या आत...

"मागेच आहे."

माझाच आवाज होता. खुर्चीपाशी.

खट् करून ब्रेक निघाला. खुर्ची उताराला लागली, तलावाच्या दिशेने. मी धावलो, पण मी काही पळणारा माणूस नाही. मास्तर एकदाही मागे वळले नाहीत. पाणी दिसल्यावर त्यांनी फक्त विचारलं, आता वळायचं ना? तेव्हा मी म्हणालो, म्हणजे माझा आवाज म्हणाला, अजून थोडं.

काठावरच्या बाकावर दोन म्हातारे बसले होते. त्यांनी पोलिसांना सांगितलं, हे गृहस्थ पाण्यापर्यंत खुर्ची धरून होते, बिचाऱ्यांना आवरली नाही. माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं.

मोठ्या मेहुणीने रडत विचारलं, "भावोजी, शेवटपर्यंत तुम्ही मागेच होतात ना?"

मी हो म्हणालो.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. आज जिना चढताना दम लागला म्हणून मी मध्येच थांबलो. जिन्यात दुसरं कोणी नव्हतं. मागे एक पाऊल जास्त वाजलं.