वीस मिनिटांचे घाव

एना अलेनच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी वाटेत कुठेतरी निसटली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

“मिस थेल्मा, माझ्या पोराला, कॉर्विनला बेड्या घालून नेलं,” ती दारातूनच म्हणाली. “बर्टीअंकलला त्यानं मारलं म्हणतात. हातोडीनं, डोक्यात घालून.”

थेल्मा कजोनं तिला खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं. तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स म्हणून काढल्यावर आता ती ब्रुकलिनमधल्या त्रिनिदादच्या माणसांची नाजूक कामं बघत असे. पोलिसांना जे सांगता येत नाही, ते लोक तिला येऊन सांगत. टेबलाशी बसलेला बॉयसी रूपनरीन टॅक्सी चालवायचा. कार्निव्हलच्या मिरवणुकीसाठी रस्ते बंद होते, म्हणून तो सकाळपासून थेल्माच्या स्वयंपाकघरात खात बसला होता.

“पहिल्यापासून सांग,” थेल्मा म्हणाली. “रडू नंतर.”

“सव्वासातला दोघांचं भांडण झालं. बर्टीनं याला वादकांच्या पुढच्या रांगेतून काढून मागं टाकलं. माझा मूर्ख ओरडला, तुझीच हातोडी तुझ्या टाळक्यात घालीन. अख्ख्या यार्डानं ऐकलं.”

“मग?”

“मग तो ट्रकवर वाद्यं चढवायला गेला. साडेसात ते आठ दहा, पन्नास माणसांसमोर. तिथून तडक निघून गेला. एकटाच फिरत होता म्हणतो. नऊला परत आला, तोवर ऑरिनला प्रेत सापडलं होतं.”

“आठ दहा? इतकं नेमकं?”

“पोलीस त्याच मिनिटाला धरून बसलेत. शेडमधून बर्टीची वाद्यं जुळवायची ठोकाठोक शेजाऱ्यांना ऐकू येत होती. वीस मिनिटं चालली आणि आठ दहाला थांबली. पोलीस म्हणतात, ठोकत होता तोवर म्हातारा जिवंत. त्यानंतर मेला. आणि त्यानंतर कॉर्विनला कुणी पाहिलं नाही.”

बॉयसी पुटपुटला, “हे काही बरं दिसत नाही.”

“तू खा,” थेल्मा म्हणाली आणि तिनं पर्स उचलली.

*

मिरवणुकीतल्या ‘सिल्व्हर टाइड’ मंडळाचं यार्ड एका गल्लीच्या टोकाला होतं. समोर मोठा रस्ता, तिथं ट्रक. मागच्या बाजूला मंडळाचा प्रमुख बर्टी क्वामिना याची पत्र्याची शेड, जिथं तो वाद्यं जुळवायचा. शेडच्या मागच्या दारासमोर, चार पावलांवर, पोशाख शिवायची खोली. यार्डात पॅन नावाचं पत्र्याचं वाद्य वाजवणारे, खोलीत पिसं चिकटवणारे. मंडळ एकच, पण दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे सवतीसारखी बघायची.

शेडच्या दारात हॅगर्टी नावाचा पोलीस उभा होता. त्याच्या आईच्या शेवटच्या आजारात थेल्मानं रात्री जागवल्या होत्या. तो बाजूला झाला.

“पाच मिनिटं, मिस कजो. हात लावू नका.”

प्रेत नेलं होतं. जमिनीवर रक्ताचं थारोळं होतं, त्यात पांढऱ्या केसांचा पुंजका चिकटला होता. भिंतीवर छातीइतक्या उंचीपर्यंत शिंतोडे होते.

“कवटी तीन ठिकाणी फुटली,” हॅगर्टी म्हणाला. “पहिल्या घावानंतर म्हातारा हात वर करत असावा. बोटंही मोडलीत.”

बॉयसीनं तोंड फिरवलं.

स्टँडवर एक पॅन होतं. तेलाच्या पिंपाचं तोंड ठोकून, खोलगट करून, त्यावर एकेक सूर बसवलेलं. आता त्याचा चेंदामेंदा झाला होता. खाली एक जड हातोडी पडली होती, रक्तानं माखलेली. बाकावर फडक्यात गुंडाळलेली एक छोटी हातोडी होती, लखलखीत स्वच्छ.

थेल्मानं चष्मा लावला आणि पॅनवर वाकली. रक्ताचे थेंब पत्र्यावर उडून वाळले होते. काही टपोरे, गोल होते. काही मात्र खळग्यांच्या तळाशी चपटे झाले होते आणि त्यांच्यावर हातोडीच्या तोंडाचा वाटोळा ठसा होता.

“काय दिसतं, बॉयसी?”

“मारता मारता काही घाव पॅनवर बसले असतील.”

“हे घाव मोज.”

तो मोजू लागला. साठापर्यंत येऊन त्यानं नाद सोडला.

*

ऑरिन पास्काल वीस वर्षं बर्टीच्या हाताखाली पॅन जुळवायला शिकत होता. पन्नाशीचा, अबोल माणूस. तो यार्डाच्या पायरीवर डोकं धरून बसला होता.

“तू कुठं होतास?”

“व्हॅनमध्ये झोपलो होतो. पहाटेपर्यंत काम चाललं होतं. एकटाच होतो, मावशी. म्हाताऱ्यानं शेवटचा हात मला कधी फिरवू दिला नाही, हेही लोक सांगतीलच तुम्हाला. नऊला उठून आत गेलो, तर...”

“ती जड हातोडी कशाची?”

“कोरं पिंप खोल करायची. ते काम हिवाळ्यात. आज तिची गरजच नव्हती. आज नुसतं कान लावून सूर नीट करायचे.”

“बर्टीचं कुणाशी वाकडं होतं?”

“आज अर्ध्यांशी झालं असतं. पुढच्या वर्षीपासून पिसं नकोत, ट्रक नको, नुसतं पॅन गळ्यात अडकवून पायी चालायचं, असं त्याच्या मनात होतं. एकेकाला बोलावून सांगणार होता.”

शेडलगतच्या घराच्या वरच्या मजल्याच्या खिडकीत मिसेस सीली मासे तळत उभ्या होत्या. त्यांना काही विचारावं लागलं नाही.

“चाळीस वर्षं त्या माणसाच्या टुकटुकीवर मी जागी होते,” त्या वरूनच म्हणाल्या. “पण आजची ठोकाठोक? जणू माझ्याच शवपेटीला खिळे मारत होता. धण धण धण, वीस मिनिटं. मी ओरडले, बर्टी, सूर लाव की रे एखादा.”

“सूर एकदाही नाही ऐकला?”

“एकदाही नाही. म्हटलं, त्या पोराचा राग पत्र्यावर काढतोय. ट्रकवाल्यांना काय कळणार? त्यांच्या स्पीकरपुढे देव बोलला तरी ऐकू जायचं नाही.”

बॉयसी हळूच म्हणाला, “म्हातारीला माशांची फिकीर जास्त आहे.”

“बहिरी नाहीये मी, टॅक्सीवाल्या,” मिसेस सीली म्हणाल्या.

*

पोशाखांच्या खोलीत गार्विन जोफील्ड एकटाच राहिला होता, राहिलेले मुकुट खोक्यात भरत. साठीचा, देखणा, बोटांवर डिंकाचे पापुद्रे. बावीस वर्षं मंडळाचे पोशाख तोच करत होता.

“बर्टी गेला आणि मला मिरवणूक काढायला लावतात,” तो म्हणाला. “पण साठ पोरी गल्लीत रडत उभ्या होत्या. त्यांना काय सांगू, पंख उतरवा?”

“सव्वाआठनंतर तुम्ही त्यांच्यासोबत होतात?”

“एक क्षण हललो नाही. कोणत्याही पोरीला विचारा.”

“आणि त्याआधी?”

“इथंच. मिरवणुकीच्या राणीच्या पोशाखावर शेवटचा हात फिरवत होतो. समोर बर्टी ट्यून करत होता, रोजच्यासारखा.”

भिंतीवर राणीच्या पोशाखाचं चित्र टाचलं होतं. समुद्राची लाट, नखशिखान्त पांढरी आणि निळी. कोपऱ्यात तारीख होती, मार्चमधली. बाजूला साठ मुलींच्या पोशाखाचं चित्र, तेही त्याच दोन रंगांत. बाकाखाली गेल्या वर्षीचं एक खोकं उघडं पडलं होतं. बॉयसीनं त्यातलं लालभडक पीस उचललं.

“नातीला नेऊ का?”

“ने की,” गार्विन म्हणाला. “जुनंच आहे.”

बाहेर आल्यावर थेल्मा झपाझप चालू लागली.

“बॉयसी, मिरवणूक संपल्यावर पोशाखांचं काय होतं?”

“होणार काय? तिथंच रस्त्यावर टाकतात. संध्याकाळी कचऱ्याचे ट्रक भरून नेतात.”

“मग एनाच्या पोराला तेवढाच वेळ आहे. हॅगर्टीला म्हणावं, जीपमधून मला मिरवणुकीच्या रस्त्यावर, पार्कवेवर सोड.”

*

परीक्षकांच्या मंडपाअलीकडे ‘सिल्व्हर टाइड’ रांगेत थांबलं होतं. साठ मुली पांढऱ्या-निळ्या लाटेसारख्या उभ्या होत्या. पुढे चाकांवरच्या प्रचंड पोशाखात राणी. पांढरे पंख, निळा फेस. आणि छातीवर डावीकडे, तळव्याएवढा, लाल पिसांचा गुच्छ.

मुकुट घेऊन पोहोचलेला गार्विन तिच्या शेजारी पंखाची तार घट्ट करत होता. हातात स्पंज कापायची वाकडी सुरी होती. ऑरिनही आला होता. मुलगा कोठडीत म्हणून एना रडत मागोमाग आली होती.

“गार्विन,” थेल्मा म्हणाली, “हे लाल कुठून आलं?”

“मावळता सूर्य. आयत्या वेळी सुचला.”

“मार्चमध्ये काढलेल्या चित्रात नाही. साठ मुलींच्या अंगावर नाही. बावीस वर्षांत तू मिरवणुकीच्या सकाळी नवा रंग कधी घातलास?”

गार्विन पुन्हा तार पिळू लागला.

“मी रक्ताबद्दल थोडं जाणते,” थेल्मा हॅगर्टीकडे वळली. “शेडमधल्या पॅनवर थेंब आधी पडले, अर्धवट वाळले, आणि घाव त्यांच्यावर नंतर बसले. म्हणून थेंब चपटे झाले. म्हणजे ठोकाठोक सुरू झाली तेव्हा बर्टी मेलेला होता. ती वीस मिनिटं त्यानं ठोकलंच नाही. खुन्यानं ठोकलं.”

“कशाला?” बॉयसीनं विचारलं.

“तो अजून जिवंत आहे असं सगळ्यांना वाटावं म्हणून. आता उलटं बघ. पोलीस विचारतात, ठोकणं थांबल्यावर कोण कुठं होतं. मी विचारते, ठोकणं चालू असताना कोण कुठं होतं. कॉर्विन ट्रकवर होता, पन्नास माणसांसमोर. तो सुटला.”

एनानं तोंडावर हात ठेवला.

“मग मी राहिलो,” ऑरिन म्हणाला. “मी तर व्हॅनमध्ये होतो.”

“तू असतास तर ठोकणं थांबल्याबरोबर चारचौघांत जाऊन बसला असतास. एवढा खटाटोप करून कोणी परत एकटं झोपत नाही. आणि दुसरं, तू ठोकलं असतंस तर कसं?”

ऑरिननं हवेतच बोटांनी दाखवलं. “दोन टिचक्या. मग काठीनं सूर ऐकायचा. मग पुन्हा दोन टिचक्या.”

“छोट्या हातोडीनं. पण ती फडक्यात होती, स्वच्छ. मिसेस सीलींनी वीस मिनिटांत एक सूर ऐकला नाही. पॅनवाला कोणताही माणूस बर्टीचं सोंग आणताना सूर विसरणार नाही. ज्याला ट्यूनिंग म्हणजे नुसती ठोकाठोक वाटते, जो बावीस वर्षं चार पावलांवर राहून एकदाही कान देऊन बसला नाही, त्यानंच ते केलं. थांबल्याबरोबर तो साठ पोरींत जाऊन उभा राहिला. मागच्या दारातून परतताना त्याची रक्ताळलेली बाही या पांढऱ्या छातीला लागली. राणी यायला पाच मिनिटं होती, म्हणून गेल्या वर्षीच्या खोक्यातली लाल पिसं त्यानं डागावर चिकटवली.”

ती पुढे झाली आणि तिनं लाल गुच्छाला हात घातला.

गार्विनची सुरी वर आली. बॉयसी बोलण्यात मंद होता, पण त्या क्षणी तो मध्ये गेला. सुरीनं त्याचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडला. रक्त राणीच्या पंखांवर उडालं. मुली किंचाळत पांगल्या. गार्विननं पुन्हा वार उगारला, तेव्हा ऑरिननं त्याला मागून कवेत धरून रस्त्यावर आपटलं. हॅगर्टीनं मनगटावर बूट ठेवला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

थेल्मानं आधी बॉयसीच्या हाताला आपला रुमाल आवळला. मग गुच्छ ओढून काढला. खाली पांढरी पिसं होती, रक्तानं तपकिरी झालेली, कडक, एकमेकांना चिकटलेली.

“काय म्हणाला तो तुला?” तिनं विचारलं.

गार्विनचा गाल डांबरावर होता. “पिसं उडून जातात म्हणाला. पॅन राहतं म्हणाला. हसत म्हणाला. बावीस वर्षांचं माझं काम रस्त्यावर टाकतात, मी कधी बोललो नाही. आणि तो म्हणतो, पुढच्या वर्षी तुझं काम नाही.” त्यानं डोळे मिटले. “एकदाच मारणार होतो.”

*

चार वाजता कॉर्विन सुटला. एना यार्डाच्या पायरीवर अजून एकाच चपलेत बसली होती. पोरगा खाली बसला आणि त्यानं डोकं तिच्या मांडीत ठेवलं.

“तू त्याला तसं म्हणायला नको होतंस,” ती म्हणाली.

“माहीत आहे, आई.”

शेड बंद होती, म्हणून ऑरिननं बर्टीचं राहिलेलं एक पॅन अंगणात आणलं. स्वतःच्या पेटीतली छोटी हातोडी काढली. बराच वेळ ती नुसती हातात धरून बसला.

मग दोन टिचक्या आल्या. मग काठीचा हलका स्पर्श, आणि सूर गल्लीभर पसरला. किंचित उतरलेला. पुन्हा दोन टिचक्या. पुन्हा सूर.

हाताला चौदा टाके घेतलेला बॉयसी कान देऊन ऐकत होता.

“असं होय ते,” तो म्हणाला.

वरच्या खिडकीत मिसेस सीलींनी गॅस बंद केला. “अजून थोडं चढव, ऑरिन,” त्या म्हणाल्या. “बर्टी चढवायचा.”

ऑरिननं चढवलं.