तापल्या जाळीवरचा कांदा

रविवारच्या सकाळी आझुल गावच्या रेल्वे क्लबाच्या अंगणात रेमेदियोस आपल्या वडिलांचा मांस उलटायचा लांब दांड्याचा काटा परत न्यायला आली. काटा भिंतीवर होता खरा; पण त्याच्याखाली एक अनोळखी तरुण पेटत्या विस्तवावरच्या भाजणीच्या जाळीवर वाकून तारेच्या ब्रशाने ती खरवडत होता. खर्र... खर्र...

त्या नादासरशी तिच्या अंगाची लाही लाही झाली. तिने त्याच्या हातातला ब्रश हिसकावला आणि कचऱ्याच्या पिंपात भिरकावला.

अंगणातल्या गप्पा थबकल्या. त्या प्रांती दुसऱ्याच्या विस्तवाला, त्याच्या अवजारालाही, हात लावणे म्हणजे त्याच्या मुस्काटात मारणेच होय. सख्खा भाऊदेखील न विचारता निखारा सारीत नाही.

तरुण सावकाश सरळ झाला. कपाळावर राखेची रेघ, डोळ्यांत अंगार.

“बाईसाहेब, ही आग नाझारेनोची आहे. म्हणजे माझी.”

“आणि पोटं दुसऱ्यांची.”

“एवढी भीती वाटते तर घरी बसून सूप प्या.”

तिचा चेहरा पांढराफटक पडला. “माझे बाबा तेच पितात. गेल्या वसंतात असल्याच ब्रशाची तार जाळीला चिकटून राहिली, मांसाबरोबर त्यांच्या गळ्यात रुतली. डॉक्टरांनी ती काढली... पण भाजलेला तुकडा त्यांनी पुन्हा तोंडात घातला नाही. तुमच्याआधी इथं तेच उभे असायचे.”

“आन्सेल्मोसाहेब?” त्याचा आवाज खाली आला, पण राग ओसरला नव्हता, त्याने केवळ दिशा बदलली. “आणि क्लबानं माझ्या हाती पुन्हा ब्रशच दिला. कोणी एका शब्दानं बोललं नाही.”

“तारा झडताहेत हे दिसत नव्हतं तुम्हाला?”

“नव्हतं. आता शिकवा. नुसत्या आदळआपटीनं जाळी स्वच्छ होत नाही.”

तिने रागारागाने काटा उतरवला, एक कांदा मधोमध चिरला आणि अर्धा काट्याच्या टोकांना खोचला. “आधी जाळी चांगली तापू द्या. चरबी जळून सुटते. मग कापलेली बाजू दाबून घासा. राहिलं तर लाकडी पट्टी. गार झाल्यावर ओलं पांढरं फडकं, आणि तार आलीय का, ते फडकं नीट निरखायचं.”

कांदा चरचरला. गोडसर, करपट गंध दोघांच्या मध्ये रेंगाळला. दांडा धरताना त्याची बोटे तिच्या बोटांवर आली... आणि किंचित उशिरा उचलली गेली.

“तुम्ही नेहमी एवढ्याच रागात असता?”

“नाही. कधीकधी जास्त.”

त्या संतापात ती काटा तिथेच विसरून गेली. घरी आठवले, तेव्हा ती स्वतःवरच चिडली; तरी आणायला काही गेली नाही.

पुढल्या रविवारी वडिलांशी कडाक्याचे भांडण करून तिने त्यांना क्लबात आणले. नाझारेनोने विस्तव पेटवण्यापूर्वीच गार जाळी ओल्या शुभ्र फडक्याने पुसली आणि ते फडके आन्सेल्मोंच्या हातात ठेवले. वृद्धाने ते उन्हात धरले, त्यावरून बोट फिरवले आणि त्याची घडी घातली.

मांस भाजून झाले. वृद्धाने एक तुकडा तोंडात घेतला. ते किती वेळ चावीत राहिले... अखेर घास उतरला.

“मीठ उशिरा घातलंस, पोरा,” ते कुरकुरले आणि त्यांनी ताट पुन्हा पुढे केले.

प्रथेप्रमाणे सर्वांनी भाजणाऱ्यासाठी टाळ्या वाजवल्या. नाझारेनोचे तिकडे लक्ष नव्हते. त्याने काटा रेमेदियोसपुढे धरला.

“हा न्यायला आली होतीस ना? ने. पण... माझ्या आगीला तू केव्हाही हात लाव. विचारू नकोस.”

टाळ्या विरल्या. त्या प्रांती याहून मोठे वचन कोणी कोणाला देत नाही, हे अंगणात प्रत्येकाला ठाऊक होते.

“डावीकडे आग मंद पडलीय,” ती रागानेच म्हणाली. “एवढंही दिसत नाही तुला.”

आणि काटा घेऊन, न विचारता, तिने एक निखारा डावीकडे सारला.