पोकळी बंद करण्याआधी

यातलं एक अक्षरही मनचं नाही. माझ्या मावसबहिणीच्या घरात हे घडलंय. आजही विषय निघाला की ती हातातलं काम खाली ठेवते आणि आधी मुलगी कुठे आहे ते बघते.

आम्ही तिला ताई म्हणतो.

वार मंगळवार. भर दुपार. तिसरा मजला, जिन्याला लागून असलेला फ्लॅट. बाहेर लख्ख ऊन होतं, हे मुद्दाम सांगते.

घरात सुतारकाम चाललं होतं. ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. चहात भुसा, अंथरुणात भुसा, टिल्लूच्या केसांत भुसा. टिल्लू म्हणजे ताईची मुलगी, नुकती बोलायला लागलेली. कुठे खिळा गिळेल, कुठे करवतीवर हात ठेवेल, या धास्तीने ताईचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

सुतार शेजारणीने सुचवलेला. हात सोन्याचा, तोंड कडू.

"मॅडम, डोक्यावर उभं राहू नका. माझी सावली मला पुरते."

आणि त्याची एक खोड होती. कपाट आणि खांबाच्या मध्ये, ओट्याखालच्या कोपऱ्यात, जिथे म्हणून रिकामी पोकळी राहते, ती तो प्लायची फळी लावून बंद करायचा. ते तर सगळेच सुतार करतात. पण हा आधी पोकळीत तोंड घालायचा. बोटाने टकटक करायचा. आणि मोठ्याने विचारायचा...

"आत कोणी आहे का? असशील तर बाहेर ये. मी बंद करतोय."

मग थोडा थांबायचा. मगच स्क्रू पिळायचा.

भावोजींना भारी गंमत वाटायची. "तुझा सुतार झुरळांना नोटीस देतो बघ!"

ताईला गंमत वाटत नव्हती. तिला नुसता राग यायचा.

त्या मंगळवारी शेवटची पोकळी राहिली होती. टिल्लूच्या खोलीतली. नवं कपाट आणि भिंतीचा कोपरा यांच्यामध्ये, जमिनीपासून छतापर्यंत. एखादं माणूस आडवं सरकून उभं राहील एवढी.

टिल्लू रडून रडून नुकती बाहेरच्या खोलीत झोपली होती.

सुतार पोकळीपाशी वाकला. बोट उचललं...

"बास!" ताई दबक्या आवाजात खेकसली. "पोर उठेल. तुमचा तमाशा नको. मुकाट्याने फळी लावा."

"विचारू द्या. शेवटचंच आहे."

"नाही म्हटलं ना! भिंतीशी बोलायला ठेवलंय का तुम्हाला?"

सुताराने तिच्याकडे पाहिलं. मग पोकळीकडे पाहिलं. बराच वेळ.

"बरं," तो म्हणाला. "तुम्ही सांगताय म्हणून."

हाताने, आवाज न करता, त्याने एकेक स्क्रू पिळला. हत्यारं पिशवीत भरली आणि निघाला. जाताना चप्पल घालायलाही थांबला नाही. हातात घेऊन जिना उतरला.

दोन-चार दिवस काहीच नाही.

मग टिल्लू त्या फळीसमोर बसायला लागली.

खेळणी नाहीत. बडबड नाही. नुसती बसायची, मान तिरकी करून, कोणी हळू आवाजात गोष्ट सांगत असल्यासारखी.

"काय ऐकतेस गं?"

"शूऽऽ," टिल्लू म्हणायची.

ताईने कान लावला.

काही नाही.

पण फळी गार होती. बाकीचं कपाट उन्हाने तापलेलं, आणि ती फळी... गार.

भावोजी म्हणाले, "प्लाय आहे. गार लागणारच. तुला ना काळजी करायला विषय लागतो."

"शेजारचं कपाट पण प्लायचंच आहे," ताई म्हणाली. ते मोबाइलमध्ये बघत होते.

मग फळीमागून नखाने रेघोट्या ओढल्यासारखा आवाज सुरू झाला. दुपारीच. ताई एकटी असतानाच. भावोजी घरी असले की चिडीचूप.

ताईने सुताराला फोन लावला.

"ती फळी काढून जा."

"मी नाही काढणार."

"का? काम तुमचं आहे!"

"काम माझं. हुकूम तुमचा." मग तो म्हणाला, "मॅडम, ऐकू आलं तरी काढू नका. कोणाचाही आवाज आला तरी."

फोन कट. पुन्हा लावला तर उचललाच नाही.

ताईने दुसरा सुतार बोलावला. हसतमुख, गडबड्या माणूस. खोलीत शिरला, "हे तर चुटकीसरशी!" म्हणाला, आणि फळीवर तळहात ठेवला.

हसू तोंडावरच राहिलं.

"ताई... आत पाइप वगैरे आहे का?"

"नाही. का?"

"काहीतरी हलतंय."

तो गेला. टेप विसरला होता, तो न्यायलाही परत आला नाही.

मग असाच एक मंगळवार आला. दुपारी टिल्लूला तिच्या खोलीत झोपवून ताई बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. चिमटे तोंडात. हात ओले.

आणि आतून...

"आई!"

ती धावली. पलंग रिकामा. चादर अर्धी खाली लोंबत होती.

"आई... आई गं... अंधार आहे..."

फळीमागून.

टिल्लूचा आवाज. तोच बोबडा. रडताना तिला लागायची तशीच उचकी.

फळी जागच्या जागी होती. सगळे स्क्रू शाबूत. मग पोर आत गेली कशी, हा विचार सुचायला डोकं ठिकाणावर लागतं. आपलं लेकरू भिंतीच्या आत गुदमरतंय म्हटल्यावर कुठल्या आईचं राहील?

ताईने हातोडी आणली.

"आले गं बाळा! मागे सरक!"

पहिला घाव. प्लाय दबला. दुसरा. तिसऱ्याला चीर गेली. आतलं रडणं वाढलं. ताईने नखांनी फळी ओढली. बोटं सोलली, तिला कळलंही नाही. कडकड करत फळी निघाली.

आत कोणी नव्हतं.

कोपरा. भिंत. भुसाही नव्हता. कोणीतरी झाडून काढल्यासारखा स्वच्छ.

रडणं थांबलं होतं.

आणि ताईच्या गालाला लागून, आतून बाहेर... गार वारा गेला.

मागे खुडबूड झाली. ताई वळली.

लोंबणाऱ्या चादरीआडून, पलंगाखालून टिल्लू रांगत बाहेर येत होती. दोन्ही कानांवर हात.

"मी लपले होते," ती म्हणाली. मग उघड्या कोपऱ्याकडे बघून तिचा चेहरा कसनुसा झाला.

"आई... तिला का काढलंस?"

त्यांनी महिन्याच्या आत ते घर सोडलं. भावोजी आता थट्टा करत नाहीत. पण बोलतही नाहीत. ताईने विषय काढला की उठून जातात.

नव्या घरात एकही कपाट भिंतीत नाही. सगळं सुटं, चारी बाजूंनी दिसणारं.

परवा मी भेटायला गेले होते. दुपारी टिल्लू झोपली होती. मोठा पलंग, आणि पोर अगदी काठावर, पडेल अशी. ताईने उचलून तिला भिंतीकडे सरकवलं.

टिल्लूने डोळे उघडले नाहीत. झोपेतच सरकत सरकत पुन्हा काठावर आली.

"रोज असंच करते," ताई हळूच म्हणाली. "मी पहिल्यांदा रागावले, की भिंतीकडे झोप, पडशील. तर म्हणाली..."

ताई थांबली. पलंगाच्या रिकाम्या भागाकडे बघत राहिली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तिकडे जागा नाही."