खिडकीतून दिलेलं लेकरू

दोन दिवसांपासून शीलू दूध पीत नव्हती. खरं म्हणजे माझंच आटलं होतं, आणि बाटली लावली की ही मान फिरवायची. चार महिन्यांचं पोर, किती तग धरणार? म्हणून महूला आईकडे निघाले.

स्टेशनवर सोडायला नवरा, रत्नपाल, आला होता. मिल बंद झाल्यापासून तो सियागंजात किराण्याच्या दुकानावर असतो.

"एम.ए. केलंस, प्रीती. दूध पाजायची गाइड नाही मिळाली का भंवरकुआंच्या पुस्तकांच्या दुकानात?"

हसवायलाच म्हणाला. मला रडू आलं. तो दुकानावर गेला.

छोट्या लाइनच्या गाडीचा तोच जनाना डबा. लहानपणी आईबरोबर यायचे तेव्हा मिलच्या बायकांनी गच्च भरलेला असायचा. केसांत कापसाची रुई, मांडीवर वाटाण्याच्या शेंगा, आणि सासवांची यथेच्छ निंदा. गर्दीत लेकरू आधी खिडकीतून आत द्यायचं, मग आपण दारातून घुसायचं, ही रीत. कुणाचंही पोर कुणाच्याही पदराखाली प्यायचं. उतरताना आपलंच नेतोय ना, एवढं बघायचं.

आता फलाट मोकळा होता. तरी सवयीनं खिडकीशी थांबले. आतून दोन हात बाहेर आले.

"ला बाई, बच्ची इकडे दे. तू आरामशीर ये."

दिली. दारातून आत गेले.

डब्यात कुणीच नव्हतं.

बाकांवर तिरपं ऊन पडलेलं. शेजारच्या डब्यात जायला या डब्यातून वाट नाही, आणि दार एकच, ज्यातून मी आले ते.

"शीलू..."

कोपऱ्यातून चुटुचुटु आवाज आला. लेकरू दूध ओढतं, तसा. शीलू बाकावर एकटीच होती, डोळे मिटून, ओठ हलत होते. ओठांच्या कडेला दूध. तिच्याखालचं लाकूड उबदार होतं. उचललं तर तिनं एखाद्या शेठसारखी ढेकर दिली.

गाडी हलली. राऊ स्टेशन मागे पडलं. मग हळूच विचारलं,

"ताई... तुम्ही आहात का अजून?"

खडखडाट तेवढा चालू होता.

महूला आईनं शीलूचं पोट चाचपलं. "भरलंय की गं. उगाच घाबरतेस."

घाबरट म्हणून माझी ख्याती आहेच.

याला महिना झाला. माझं दूध परत आलेलं नाही. शीलू बाटलीला तोंड लावत नाही, वरचं काही घेत नाही. काल डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर ठेवलं आणि खूश झाल्या.

"वजन छान वाढतंय. असंच अंगावर पाजत राहा."