ताहेरच्या तक्त्यातला क

टण्ण.

दुपारच्या शांततेत पितळी ताटलीवर काहीतरी आपटलं आणि ललिताचा जेमतेम लागलेला डोळा उघडला. सहा वर्षांची मैना शिशाचा एक खिळा, छापखान्यातलं अक्षर, ताटलीत टाकून वाजवत होती. तोंड चेपलेला क.

"कोणं देला?"

"जानरावमामानं. खेळाले."

ललितानं तो काढून कमरेला खोचला. घटकाभर झोप म्हणून नशिबात नाही. तेवढ्यात शकुनताई दारात. शेजारीण, पूर्वीची गणिताची बाई, आता अमरावतीभरच्या भानगडींचा छडा लावणारी. मागे अकोल्याचा ताहेर, काखेत एक छापील तक्ता.

"चल, छापखान्यात. पोरीले घे."

"मी कशाले, ताई?"

"मोजाले."

वाटेत ताहेरनं सांगितलं. पुंजाजी शेठच्या अकोल्याच्या कचेरीत खिळे नाहीत. तिथं फक्त खिळे ओतणाऱ्या ओतशाळेचा हा तक्ता : कोणतं अक्षर किती रुंद, ते मापाच्या रेघेसह. त्यावरून ताहेर ओळी आखून कागद अमरावतीला धाडतो, इथं जानराव खिळे जुळवतो. या खेपेला बुधाजी शाहिरांच्या गाण्यांचं पुस्तक. रविवारी मेळावा, अन् निम्म्या ओळींचा शेवटचा शब्द आखलेल्या रुंदीबाहेर.

"शेठ मले आज संध्याकाळी कामावरून काढून राहिले, बाई. मी तं तक्त्याबरहुकूमच आखलं."

पुंजाजी शेठ तापलेलेच होते. "याचं ध्यान नाही कामात. मागच्या महिन्यातलं पुस्तक याच तक्त्यावर कसं चपखल बसलं?"

"याच तक्त्यावर?" शकुनताईनं विचारलं.

"याच. किती वेळा सांगू?"

जानराव लंगडत आला. पायाच्या अंगठ्याचं नख वरून चेचून काळंनिळं.

"काय झालं?"

"उंबरठ्याची ठेच लागली, ताई."

"खिळे बदलले?"

"छे. तेच हायेत."

शकुनताई खिळ्यांच्या खणांवर वाकली. सगळे खिळे शाईनं काळवंडलेले. क तेवढे चकचकीत. मग तिनं कच्चा छापलेला कागद ललितापुढे सरकवला. "बिघडलेल्या ओळीतले क मोज."

ललिता वैतागली. मैना पदर ओढत होती, घरी डाळ भिजत होती, अन् ही क मोजायला सांगते. तरी मोजले. बिघडलेल्या प्रत्येक ओळीत चार-पाच क. धड ओळींत एखादाच, नाहीतर तोही नाही.

"म्हणजे ताहेर क मोजायलाच चुकला," ललिता म्हणाली.

शकुनताईनं कपाळावर हात मारला. "अवं बाई, चुकणारा माणूस कुठंबी चुकते. फक्त क पाहून चुकत नाही. तक्ता मागच्या महिन्यात खरा होता. मंग बदललं काय? खिळा. जुना एक क सापडला असता तं आत्ता दाखवलं असतं."

ललिताचा हात आपसूक कमरेला गेला.

शकुनताईनं मैनाचा क तक्त्यातल्या क च्या मापावर ठेवला. बरोबर बसला. शेजारी चकचकीत क ठेवला. तांदळाच्या कणीएवढा बाहेर.

"ओळीत पाच क, पाच कण्या. शेवटला शब्द जाईन कुठं? अन् जानराव, ठेच लागली की अंगठ्याचं टोक फुटते. तुझं नख वरून चेचलं. जड काय पडलं?"

जानराव खाली बसला. "क चा डबा. खिळे धुवाले काढला होता. सगळ्यांची तोंडं चेपली. शेठ बोलतीन म्हणून धामणगावाहून दुसरे आणले. डोळ्याले तं सारखेच दिसत होते, ताई."

"अन् ताहेरची नोकरी?" शकुनताईनं विचारलं.

"वाटलं, शेठ रागावतीन अन् विसरतीन."

ताहेरनं पेन्सिल घेतली, तक्त्यात क पुढे नवी रुंदी लिहिली. "रविवारपर्यंत आखून देतो, शेठ." पुंजाजींनी त्याच्यापुढे खुर्ची सरकवली. जानरावला म्हणाले, "तू घरी जा." उद्या ये म्हणाले नाहीत.

परतताना मैनानं ललिताच्या मुठीतला खिळा मागून घेतला. बराच वेळ उलटासुलटा करून पाहिला.

"आई, मामानं मले हा खेळाले देला होता, का लपवाले?"