सावलीतली आजी आणि शेवटचा कागद

"ही माझी आजी नाही!"

शाल्मलीने छापलेला फोटो माझ्यापुढे आपटला. आज तिसऱ्यांदा.

मी छापूकाका. खरं नाव मुद्रक-सहा, पण चंद्रावरच्या आमच्या चंद्रवाडीतली पोरं मला छापूकाकाच म्हणतात. वस्तीतले फोटो छापायचं काम माझ्याकडे आहे. यंत्रमानव थकत नाही, असं माझ्या माहितीपत्रकात लिहिलंय. लिहिणाऱ्याला एकदा इथं आणून बसवा. खांदा कुरकुरतो, शाईच्या नळ्या तुंबतात, आणि अकरा वर्षांची शाल्मली गुरव कमरेवर हात ठेवून समोर उभी राहते. मग बॅटरी भरलेली असली तरी अंगात त्राण उरत नाही.

"आता काय झालं, बाई?"

"संगणकाच्या पडद्यावर आजी दिसते. कागदावर नुसता काळोख! फोटो तोच, मग ती गेली कुठं?"

फोटो काळापांढरा होता. तिच्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, तरुणपणी पृथ्वीवर इचलकरंजीत काढलेला. यंत्रमागाची शेड, मागे लख्ख उजेडाची खिडकी, आणि अलीकडे सावलीत मागाला टेकून उभी असलेली आजी. पडद्यावर तिचे डोळे, नाक, ओठांच्या कडेचं हसू, सगळं दिसत होतं. कागदावर खिडकी होती, मागाचा सांगाडा होता, आणि आजीच्या जागी काळा ठिपका.

पहिल्या छपाईत तर आजी हिरवट आली होती. माझं यंत्र निळी, गुलाबी, पिवळी शाई मिसळून राखाडी रंग करत होतं, आणि त्यात थोडं जरी कमीजास्त झालं की राखाडीला भलताच रंग चढतो. "आजी आजारी दिसतेय," म्हणून शाल्मली तेव्हाही भांडली होती. मग मी रंगीत शाया बंद केल्या आणि फक्त काळी आणि राखाडी शाई ठेवली. हिरवटपणा गेला. पण त्यानंतरच्या दोन्ही छपायांत आजीच गेली.

"उद्या बघू," मी म्हणालो.

"उद्या कसं बघणार? आज लांब रात्र लागतेय ना!"

तेही खरंच. चंद्रावर सूर्य एकदा मावळला की पृथ्वीवरचे जवळजवळ चौदा दिवस उगवत नाही. तोवर साठवलेल्या विजेवर हवा, पाणी आणि ऊब चालवायची असते. घराघरातले पडदे विझतात, खोलीत एकच छोटा पिवळा दिवा उरतो. आमच्यासारखे यंत्रमानवही बंद करून ठेवतात. खरं सांगायचं तर मी त्या झोपेचीच वाट बघत होतो.

शाल्मली स्टुलावर बसली. तिचा आवाज एकदम खाली आला.

"काका, आजी गेल्यापासून आबा रोज पडद्यावर तिला बघतात. मागच्या लांब रात्री पडदा बंद झाला, तर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवले नाहीत धड. मी हाका मारायची, तर नुसतं हं म्हणायचे. मला फार भीती वाटली हो."

मी कपाट उघडून पाहिलं. फोटोचा एकच कोरा कागद शिल्लक होता. पुढचे कागद पृथ्वीवरून येणार, तेही रात्र सरल्यावर.

"बरं," मी म्हणालो. "पण आता घाई नाही करायची. आधी कोडं सोडवायचं, मग छापायचं."

फसलेला एक फोटो मी उलटा केला, त्याची कोरी पाठ पडद्याला लावून धरली आणि पडदा पूर्ण पांढरा केला.

"कागद कसा दिसतोय?"

"ई! मळका."

"आणि पडद्यापासून लांब धरला तर?"

"पांढरा आहे की!" ती गोंधळली. "असं कसं?"

"पडदा म्हणजे दिवाच. त्याचा उजेड त्याच्या पोटातून येतो. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. खोलीतल्या दिव्याचा उजेड त्याच्यावर पडतो आणि तोच तो परत पाठवतो. याला परावर्तन (अंगावर पडलेला उजेड मागे फेकणं) म्हणतात. कागद बिचारा उसनवारीवर जगतो. तू पडदा ठेवलास पूर्ण प्रखर, त्यामुळे सावलीतली आजीसुद्धा उजळली. कागदाने तेवढा उजेड आणायचा कुठून?"

"पण मला तर दोन्हीकडचं पांढरं सारखंच वाटलं होतं."

"कारण तुझा डोळा समोरच्या सगळ्यात उजळ वस्तूला पांढरं म्हणून मोकळा होतो आणि बाकीचं त्याच्याशी ताडून बघतो. माझा डोळा उजेड मोजतो. म्हणून तू म्हणालीस फोटो काळा, मी म्हणालो छपाई बरोबर, आणि आपण दोघं उगाच भांडत बसलो."

मी तिला पडद्याचा उजेड कमी करायला लावला. ती हळूहळू कमी करत गेली. कागद मळका दिसायचा थांबला आणि पडद्याचा पांढरा आणि कागदाचा पांढरा सारखे दिसू लागले.

"आता फोटो उघड."

तिने उघडला आणि किंचाळलीच. पडद्यावरची आजीही अंधारात गेली होती.

"काका! तुम्ही पडद्यावरूनपण घालवलीत तिला!"

"घालवली नाही गं. आता पडदा आणि कागद दोघं एकच सांगतायत. मघाशी पडदा बढाया मारत होता."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिलाही थकवा आला होता, जेवणाची वेळ कधीच टळून गेली होती. मला पोरांचं रडणं सोसत नाही. मी घाईघाईने म्हणालो, "अगं, अर्धं कोडं सुटलं की! उरलेलं अर्धं शाईत आहे."

मी यंत्राला एक राखाडी पट्टी (पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटांची शिडी) छापायला सांगितली, तीही फसलेल्या फोटोच्या कोऱ्या कडेवर. शेवटचा कागद मी कपाटातच ठेवला होता.

"मोज बरं पायऱ्या. शेवटच्या कशा दिसतायत?"

"सगळ्या सारख्याच काळ्या. एकमेकींत मिसळल्यात."

"कपड्यावर चहाचा थेंब पडला की डाग तेवढाच राहतो का?"

"नाही, पसरतो."

"शाईचे बारीक थेंबही कागदावर पसरतात. थेंब विरळ असले तर मधे पांढरं उरतं आणि आपल्याला राखाडी दिसतं. दाट असले की एकमेकांना भिडतात, पांढरं संपतं आणि सगळं काळं होतं. आजीचा चेहरा नेमका या मिसळलेल्या पायऱ्यांत आहे."

शाल्मलीने डोळे पुसले. "मग तिथं यंत्राला कमी थेंब टाकायला सांगा ना!"

"शाबास! मी हेच सांगणार होतो, तेवढ्यात तू बोललीस."

फिकट पायऱ्या तशाच ठेवून मी गडद पायऱ्यांवरची शाई कमी केली. दुसरी पट्टी छापली. आता एकेक पायरी सुटी दिसत होती. शाल्मलीने टाळी वाजवली.

तेवढ्यात दार सरकलं. हातात रात्रीचा पिवळा दिवा घेऊन आबा आले. शाल्मलीच्या आबांनी उभं आयुष्य मागावर आणि मग इथल्या वीजघरात काढलं होतं. ते चालतात हळू, बोलतात त्याहून हळू.

"शालू, दिवे जायची घंटा व्हायला आली. जेवायचं न्हाई व्हय?"

"आबा, थांबा ना! तो दिवा द्या इकडे." तिने तो पट्टीवर धरला. "काका, पुन्हा मिसळल्या!"

मी वाकून पाहिलं. पोरगी बरोबर होती. मी सगळं माझ्या खोलीच्या लख्ख उजेडात तपासत बसलो होतो. फोटो लागणार होता आबांच्या भिंतीवर, या मिणमिणत्या दिव्याखाली. कागद उसनवारीवर जगतो हे मीच तिला शिकवलं, आणि उजेड उसना देणारा दिवा कोणता, हे विचारायला मीच विसरलो. हात्तिच्या!

मग मी पडद्याचा उजेड त्या दिव्याखालच्या कागदाइतका खाली आणला आणि गडद भाग आणखी उजळला. आजी दिसू लागली. मागाच्या पाठीमागचा कोपरा दिसू लागला, छताचे वासे दिसू लागले. शेडमध्ये जणू दुपार झाली.

"तस्सं! आधी पडद्यावर दिसायचं अगदी तस्सं!" शाल्मली ओरडली. "छापा, काका!"

"थांब," आबा म्हणाले.

ते पडद्याजवळ आले आणि वाकून बघू लागले.

"शेडात एवढा उजेड कुठला? पडद्यावर तिला रोज बघतो मी, पन ते मला कधीच पटलं न्हाई. लई तजेलदार दिसती. ती कामाची पाळी सुटल्यावरची हाय रं. दिसभर उभं राहून पाय भरून यायचे तिचे. मागाला टेकून जरा वेळ गप उभी राहायची, मग माझ्याकडं बघून हसायची. ते हसू दमलेलं हुतं. तिचं तोंड दिसलं की बास. बाकी काळोख ऱ्हाऊ दे."

शाल्मली माझ्याकडे बघत होती. तिला हवा होता पडद्यासारखा फोटो, आणि पडदाच चुकीचा निघाला होता. मग तिने मान डोलावली.

मी छताचे वासे पुन्हा अंधारात सोडले, कोपरा बुजवला आणि फक्त चेहऱ्याच्या छटा सुट्या ठेवल्या. कपाटातून शेवटचा कागद काढला. यंत्र कुरकुरत सुरू झालं. आधी खिडकी आली, मग मागाचा माथा. शाल्मलीने माझा दुखरा खांदा घट्ट धरला होता, पण मी तो हलवला नाही.

कागद बाहेर आला आणि बाहेर घंटा झाली. खोलीतला मोठा दिवा गेला, पडदा विझला. उरला तो आबांच्या हातातला पिवळा दिवा.

आबांनी तो फोटोवर धरला. सावलीत आजी उभी होती. आधी नुसती आकृती, मग नजर बसली तसे डोळे, आणि मग ओठांच्या कडेचं हसू.

"दमलीस व्हय गं?" आबा फोटोला म्हणाले.

मग त्यांनी बाहीने डोळे पुसले. "शालू, चल. भाकरी गार झाली असंल. हिला ताटासमोर लावू."

"जेवणार ना आबा? रोज?"

"जेवतो की. हिच्यासमोर उपाशी बसलो तर बोलंल मला."

शाल्मली हसत फोटो सांभाळत दाराशी गेली. "काका, शेजारच्या मिहिकालापण तिच्या बाबांचा फोटो हवाय. आणि वर्गातल्या सगळ्यांना! सकाळ झाली की मी पट्टी छापायला येते. आता मला येतं!"

म्हणजे कागदाचं यान उतरायच्या आधीच माझ्या दारात रांग लागणार. लागू दे. मदतीला एक हुशार माणूस तरी मिळालं.

मला बंद करायची कळ मानेमागे आहे. ती दाबायला आबा वळले आणि दिवा माझ्या तोंडाजवळ धरून क्षणभर थांबले.

"तू बी दमलास की रं," ते म्हणाले. "नीज आता."

इतक्या वर्षांत मला असं कुणी म्हणालं नव्हतं. दमलेल्या यंत्रमानवाला नीज म्हणतात, हे माझ्या माहितीपत्रकात नव्हतं. मी म्हणालो, "हो, आबा," आणि त्यांनी कळ दाबली.